अलिफ अनार, प पळसाचा : मुलांच्या पहिल्या वाचनातला वसंत

सोलापूरकडचा शेतकरी ‘यंदा रब्बी बरी आहे’ म्हणतो, तेव्हा आपण अरबी बोलतोय हे त्याच्या गावीही नसतं. ‘रबीअ’ म्हणजे वसंत. वसंताच्या तोंडावर कापणीला येतं ते रब्बी. ‘खरीफ’ म्हणजे पानगळीचा मोसम, त्यावरून खरीप. सुलतानी आणि मोगलाई महसुली दप्तरांतून हे शब्द गावोगाव पोहोचले आणि इतके मुरले की आज ते कुणाला परके वाटत नाहीत. इस्लामी महिन्यांत ‘रबीउल अव्वल’ आणि ‘रबीउल आखिर’ आहेत, त्यांतही हाच वसंत आहे. फरक एवढाच की चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे नावात वसंत असलेले हे महिने कधी भर पावसात येतात, कधी थंडीत. शेतकऱ्याची रब्बी मात्र जागेवरून हलत नाही.

डाळिंबवाल्यांची भाषा तर याहून पुढची. त्यांच्याकडे आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असतात. फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंतऋतू. म्हणजे आमच्या सांगोल्या-पंढरपूरच्या बागायतदाराला वर्षातून तीन वसंत उपलब्ध आहेत, त्यातला हवा तो त्याने निवडायचा. आंबे बहार धरायचा असेल तर बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, पानं गळू द्यायची आणि जानेवारीच्या सुमाराला पाणी सोडायचं. मग झाड लालभडक फुलांनी भरून येतं.

आता उर्दू कायदा उघडा. कायदा म्हणजे आमची अंकलिपी. पहिलं अक्षर अलिफ, आणि अलिफवरून अनार. पिढ्यानपिढ्या उर्दू शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी वाचनाचा पहिला शब्द म्हणून डाळिंब येत आलं आहे. मराठी अंकलिपीत ‘अ’ अननसाचा. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो पोर्तुगिजांबरोबर इकडे आला, आणि मराठवाड्यातल्या कित्येक मुलांनी तो चित्राबाहेर पाहिलेला नसतो. त्या मानाने उर्दूचं पोर नशीबवान. त्याच्या पहिल्या अक्षराचं झाड त्याच्या तालुक्यात आहे, आणि त्या झाडाच्या फुलोऱ्याला गावकरी चक्क ‘बहार’ म्हणतात. तरीही त्या मुलाला अनार शिकवताना झाडापाशी नेलं जातं का? बहुतेक ठिकाणी नाही. चित्रावर बोट ठेवून ‘अलिफ अनार’ असा गजर होतो आणि पान उलटतं. मुलं जे वाचतात आणि मुलं जे पाहतात त्यांची ही ताटातूट जुनी आहे. ती जोडण्याची खटपटही जुनीच आहे, आणि त्या खटपटीत उर्दूचे शायर आहेत तशा मराठीच्या शिक्षिकाही आहेत.

शिराझची बाग

जुन्या मकतबमध्ये मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्लाह व्हायची. आजही अनेक घरांत होते. आधी अरबी अक्षरओळख, मग कुरआनचं नाजिरा पठण, आणि पुढे ज्याला दप्तराची नोकरी धरायची त्याला फारसी. लिहायचं साहित्य मात्र सगळं हाताशी असलेल्या निसर्गातलं होतं. लाकडी तख्ती, तिला मुलतानी मातीचा लेप, बोरूची लेखणी, दिव्याच्या काजळीची शाई. मराठी पंतोजीच्या शाळेतही धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचं आणि पुसून पुन्हा गिरवायचं. हात मातीत आणि डोळे मात्र पुस्तकात, अशी ती विभागणी होती.

कारण फारसीचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे शेख सादींचं ‘गुलिस्तान’. हे 1258 साली लिहिलं गेलं आणि नंतरची शेकडो वर्षं इराणपासून दख्खनपर्यंत मुलांचं पाठ्यपुस्तक राहिलं. ते फक्त मुसलमानांच्या मुलांनी वाचलं असं नाही. फारसी दप्तरात कारकुनी करणाऱ्या कायस्थ-खत्री घरांतली मुलंही त्यावरच लिहायला-वाचायला शिकली. त्याची प्रस्तावना वसंतातच घडते. सादी एका मित्राबरोबर रात्रभर बागेत मुक्कामाला असतात. सकाळी निघताना मित्र ओच्यात फुलं भरून घेतो. सादी त्याला सांगतात की ही फुलं टिकायची नाहीत, मी अशी बाग लिहितो जिला पानगळ शिवणार नाही. आणि पुस्तकाचं नाव पडतं गुलिस्तान, म्हणजे फुलबाग.

मला ही गोष्ट फार आवडते आणि तिच्यातली विसंगतीही दिसते. सादींच्या हाताशी आधी खरं फूल होतं, पुस्तक नंतर आलं. मकतबच्या मुलाला पुस्तक मिळालं, पण फूल मिळालंच नाही. गुल, बुलबुल, सुंबुल, सर्व ही सगळी शिराझची मंडळी. आग्र्याच्या किंवा औरंगाबादच्या पोराने सर्वचं झाड कुठे पाहायचं? ते त्याने पाठ केलं. पाठांतर वाईट असतं असं मी म्हणणार नाही. सादींची सोपी, ठसठशीत वाक्यं तोंडात बसली की माणसाची भाषा घडते, हे जुन्या पिढीच्या बोलण्यात दिसायचं. पण वसंत हा शब्द शिकायला खिडकीबाहेर पाहायची गरज नाही, तो पुस्तकातच असतो, ही सवयही तिथूनच लागली.

त्या सवयीला पहिला धक्का दिला तो आग्र्याच्या एका शिक्षकाने. नजीर अकबराबादी (1735–1830) यांची ओळख आपण ‘जनतेचा शायर’ अशी करून देतो, पण त्यांचं पोट भरत होतं मुलांना शिकवण्यावर. त्यांच्या कवितांचे विषय बघा : काकडी, टरबूज, तिळाचे लाडू, अस्वलाचं पिल्लू, होळी, ईद, बसंत, कृष्णाचं बालपण. रोज पोरांच्या घोळक्यात बसणाऱ्या माणसालाच हे विषय सुचू शकतात. त्यांचा बसंत आग्र्याच्या गल्लीतला आहे, पिवळ्या कपड्यांचा, गर्दीचा, गोंगाटाचा. तज्किरे लिहिणाऱ्या विद्वानांनी या भाषेला बाजारी ठरवून नजीरना बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. मुलांना कळेल असं लिहिणं म्हणजे हलकं लिहिणं, हा समज आपल्याकडे तेव्हाही होता.

लाहोर, 1874

पुढचा टप्पा लाहोरचा. मौलवी मुहंमद हुसेन आझाद यांचे वडील मौलवी मुहंमद बाकर ‘दिल्ली उर्दू अखबार’ काढायचे. 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी त्यांना ठार मारलं. घरदार सोडून दिल्लीबाहेर पडलेला मुलगा भटकत लाहोरला पोहोचला आणि त्याच इंग्रजांच्या शिक्षणखात्यात लागला. तिथे त्याने शाळांसाठी उर्दूची वाचनपुस्तकं लिहिली. हा माणूस आतून कसा जगला असेल कोण जाणे.

पंजाबचे शिक्षणसंचालक कर्नल हॉलरॉइड यांना शाळेच्या पुस्तकांत घालता येतील अशा कविता हव्या होत्या. गझलेतला माशूक आणि शराब पहिली-दुसरीच्या मुलांपुढे ठेवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. आझाद यांना तर उर्दू कवितेला त्याच त्या उपमांतून सोडवायचंच होतं. दोघांचे हेतू वेगळे, वाट एक. 1874 मध्ये अंजुमन-ए-पंजाबच्या वतीने नव्या तऱ्हेचे मुशायरे सुरू झाले. नेहमीच्या मुशायऱ्यात गझलेसाठी एक मिसरा देतात, इथे विषय द्यायचे ठरलं. पहिला विषय वसंत नव्हता, पावसाळा होता. मौलाना हाली तेव्हा लाहोरच्या सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून आलेल्या भाषांतरांचं उर्दू तपासायचं काम करत होते. त्यांनी ‘बरखा रुत’ ही नज्म लिहिली ती याच निमित्ताने. पुढे हिवाळा, आशा, देशप्रेम असे विषय आले.

सुरुवात पावसाने केली हे मला अगदी बरोबर वाटतं. गझलेने ‘बहार’ इतकी वापरली होती की त्या शब्दातलं खरं झाड कधीच वाळून गेलं होतं. पाऊस मात्र अजून हिंदुस्थानी होता. हे मुशायरे वर्षभरातच बंद पडले, आझाद यांच्यावर टीकाही भरपूर झाली. पण ऋतू हा स्वतंत्र, सोप्या भाषेत सांगायचा विषय आहे, हे तिथे मान्य झालं ते झालंच.

आणि ते मुलांपर्यंत पोहोचवलं मौलवी इस्माईल मेरठी (1844–1917) यांनी. हे हाडाचे शिक्षक. आग्र्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, फारसी शिकवायचे. त्यांनी उर्दूचा कायदा आणि त्यापुढची वाचनपुस्तकं तयार केली. त्यात गाय आहे, पाऊस आहे, उन्हाळा आहे, चिमणी आहे, पाणचक्की आहे. त्यांची गायीवरची कविता उर्दू शाळांत आजही मुलं डोलत म्हणतात. मेरठींचं मोठेपण त्यांच्या वाक्यात आहे. आधी दोन-तीन अक्षरांचे शब्द, मग छोटी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यात मुलाने सकाळी उठून पाहिलेली एखादी गोष्ट. वाचता आलं की लगेच अर्थ लागतो, कारण अर्थ आधीच दारात उभा असतो. त्या काळात युरोपातून ‘वस्तुपाठ’ ही पद्धत इकडच्या शाळांत येत होती. वस्तू आधी दाखवा, शब्द मागून येऊ द्या, असं तिचं सांगणं. (मराठीत ‘वस्तुपाठ’ला पुढे ‘आदर्श उदाहरण’ असा अर्थ चिकटला आणि त्यातली वस्तू हरवली.)

एक अडचण मात्र मेरठींपाशीही उरते. त्यांचा निसर्ग मेरठचा आहे. उत्तरेत बसंत म्हणजे मोहरीची पिवळी शेतं. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात पिवळं असं फार काही नसतं, मराठवाड्यातली करडई सोडली तर. आपला वसंत तांबडा असतो : पळस, पांगारा, काटेसावर. त्यात आंब्याचा मोहर, करंजाची कोवळी पालवी आणि पहाटेपासून डोकं उठवणारा कोकीळ. मालेगाव, भिवंडी, परभणी, अकोला इथल्या उर्दू शाळेतलं मूल पुस्तकात मोहरीचं शेत वाचतं आणि शाळेच्या वाटेवर पळस पाहतं.

कोसबाडची टेकडी

पुस्तकाचा निसर्ग एकीकडे आणि मुलाचा दुसरीकडे, ही अडचण मराठी शाळांतही होती. ती महाराष्ट्रात सगळ्यात धीटपणे हाताळली ती दोन बायकांनी. ताराबाई मोडक (1892–1973) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. गिजुभाईंनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं होतं आणि माँटेसरी पद्धत गुजराती मातीत रुजवायला घेतली होती. ताराबाईंच्या लक्षात आलं की माँटेसरीची लाकडी साधनं शहरातल्या खात्यापित्या घरांना परवडतात, खेड्याला नाही. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना अनुताई वाघ (1910–1992) येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत साधनं बदलली. मोजायला मणी नाहीत तर चिंचोके, खडे, शिंपले. रंग ओळखायला रंगीत पट्ट्यांच्या जागी पानं आणि फुलं. 1957 च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. गुरं राखणाऱ्या मोठ्या मुलांना अंगणातही येता येईना, तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले, ती कुरणशाळा.

वारली मुलाच्या वसंताकडे जरा नीट पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटपत पडतात आणि अख्खं घर ती वेचायला जातं, पोरांसकट. सरकारी हजेरीपटात ते पोर गैरहजर असतं. मुलाच्या दृष्टीने तो वर्षातला सगळ्यात गजबजलेला, सगळ्यात जास्त शब्द कानावर पडणारा काळ असतो. शाळा कुरणात नेण्याचा अर्थ हाच होता की मूल जिथे आधीच शिकतंय तिथे अक्षर घेऊन जायचं. आमच्या बीएडच्या पुस्तकात ताराबाई-अनुताईंना दीड पान होतं, आणि ते परीक्षेत ‘टीपा लिहा’पुरतं. कोसबाडवर खरं तर अख्खा पेपर हवा.

मार्चमधली परीक्षा

मग आपल्या शाळांमधून वसंत गेला कुठे? एक कारण अगदी साधं आहे. आपलं शालेय वर्ष जूनमध्ये, पावसाबरोबर सुरू होतं. विदर्भात उन्हामुळे थोडं आणखी उशिरा. मूल पहिलं अक्षर गिरवतं तेव्हा बाहेर बेडूक आणि छत्र्या असतात. मराठी मुलाला ऋतूची कविता म्हटली की बालकवींचा श्रावण आठवतो, चैत्र आठवत नाही. पळस फुलतो तेव्हा शाळेत उजळणी आणि परीक्षा चालू असते. मुलांना खरोखर वाचता येऊ लागतं ते फेब्रुवारीत, आणि नेमकं तेव्हाच त्यांना खिडकीबाहेर पाहू नका असं सांगितलं जातं.

दुसरं कारण नवं आहे. 2021 मध्ये ‘निपुण भारत’ आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे कृतिपत्रिकांचा सुळसुळाट झाला. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘वसंतऋतू’च्या पत्रिकेवर वितळणारं बर्फ असतं, ट्यूलिप असतं, टोपलीतला ससा असतो. त्याच चित्राखाली कुणीतरी ‘मौसम-ए-बहार’ लिहिलं की ती उर्दू पत्रिका झाली. शिराझची बाग गेली, तिच्या जागी हॉलंडची आली. सादींच्या बागेबरोबर निदान सादींची भाषा तरी मिळत होती.

उर्दू शाळेतल्या मुलाच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं. त्याच्या घरात दखनी, खानदेशी किंवा कोकणी बोली, शाळेत पुस्तकी उर्दू, रस्त्यावर आणि पुढे नोकरीत मराठी. तीन भाषांना जोडणारी वस्तू समोर नसेल तर मूल तिन्हींत फक्त आवाज काढायला शिकतं. पाचवीतलं मूल धडा खडखडीत वाचतं आणि ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प होतं, हा अनुभव माझा एकटीचा नाही. अशी मुलं पुढे आठवी-नववीत शाळा सोडतात. तेव्हा सगळे गरिबीचं कारण सांगतात. ते असतंच, पण वाचन कधी लागलंच नव्हतं हेही असतं.

म्हणून फेब्रुवारीत पळस फुलला की मी पहिलीच्या वर्गात दोन फांद्या आणून ठेवते. मराठीत पळस, उर्दूत टेसू किंवा ढाक. मराठीचं ‘प’ आणि उर्दूचं ‘पे’ दोन्ही एकाच पानावरून शिकवता येतात : पळस, पान, पाखरू आणि पत्ता, पंख, परिंदा. उर्दूतलं ‘ढाक के तीन पात’ आणि मराठीतलं ‘पळसाला पाने तीनच’ एकमेकांसमोर ठेवले की मुलं आधी फांदीवरची पानं मोजून खात्री करतात, मग हसतात. देठाला तीन पानं खरोखर तीनच असतात. म्हणीचा अर्थ तेव्हा कळत नाही, पण त्याला घाई नाही. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर मधोमध फांदीचं चित्र काढतो. मराठी शब्द डावीकडच्या कडेपासून सुरू होतात, उर्दू शब्द उजवीकडून, आणि दोन्ही लिपी फांदीपाशी येऊन थांबतात. दोन लिपी उलटसुलट दिशांनी का जातात हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी कुणीतरी स्वतःच उत्तर देतं. एकाने सांगितलं होतं, ‘मॅडम, एक शाळेत चाललीय आणि एक घरी येतेय.’

सध्या रमजानही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय, त्यामुळे इफ्तारच्या ताटात आंबे बहाराचं नाही तरी आधीच्या बहाराचं डाळिंब असतं. मुलांना दाणे मोजून आणायला सांगितलं तर कुणी शंभरावर थांबतं, कुणी खाऊन टाकतं. ‘अलिफ अनार’ त्यांना जूनमध्येच पाठ झालेलं असतं. मार्चमध्ये ती पाटीवर ते न बघता लिहितात आणि खाली आपल्या अक्षरात आणखी शब्द जोडतात : दाने, लाल, मीठा, अम्मी. एका मुलीने ‘महंगा’ लिहिलं होतं. कुठल्याही कृतिपत्रिकेत हा शब्द नव्हता आणि तिने तो कानामात्रा न चुकता लिहिला होता, अगदी उर्दूतली दोचश्मी ‘हे’ कुठे आणि साधी ‘हे’ कुठे हे विचारून घेऊन.

भिंतीवरचा तो कागद एप्रिलमध्ये काढायचा नसतो. जूनमध्ये हीच मुलं दुसरीत येतात, तेव्हा पळसावर एकही फूल नसतं, नुसती मोठी हिरवी पानं असतात. कागदावर लाल फांदी आणि बाहेर हिरवं झाड बघून मुलं ‘ये वो नहीं है’ म्हणून वाद घालतात. मग झाडाखाली जाऊन पानं पुन्हा मोजावी लागतात.